सहा महिने उभ्या राहणाऱ्या पोर्शची बॅटरी कशी सांभाळावी

माझी सगळी नोकरी सबस्टेशनात गेली. यार्डात केवढाही ट्रान्सफॉर्मर असो, वेळ आली की भरवसा बॅटरी रूमवरच असतो. दोन-दोन व्होल्टचे ५५ सेल ओळीने जोडून ११० व्होल्टची डीसी बँक केलेली असते. लाइन गेली, सगळीकडे अंधार झाला, तरी ब्रेकर ट्रिप करायला तीच कामाला येते. वर्षातले बहुतेक दिवस तिला काही काम नसतं, तरीही ती पहिल्या दिवसापासून चार्जरला जोडलेली असते. ‘महिन्यातून एकदा चार्ज करू, बाकी राहू दे तशीच’ असं तिथे कुणी बोललं तर त्याला घरी पाठवतील.

हे सांगायचं कारण भाच्याची गाडी. तो मर्चंट नेव्हीत आहे. चार-सहा महिने बोटीवर आणि मग दोन-तीन महिने घरी. त्याने जुनी पोर्श बॉक्सस्टर घेतली आहे, ९८७ मॉडेलची. तो बोटीवर असला की गाडी कोल्हापुरात आमच्या शेडमध्ये उभी असते आणि तिची जबाबदारी माझी. त्याच्याबरोबरच्या बऱ्याच जणांकडे अशा हौसेच्या गाड्या आहेत आणि परत आल्यावर बहुतेकांच्या बॅटऱ्या उतरलेल्या असतात. ‘मामांना विचार’ असे निरोप सारखे येतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. माझं म्हणणं एवढंच की उभ्या गाडीची बॅटरी ही स्टेशन बॅटरी समजा. ती कायम फ्लोटवर हवी, म्हणजे भरलेली बॅटरी भरलेलीच राहील एवढ्याच हलक्या व्होल्टेजवर चार्जरला जोडलेली.

गाडी बंद असताना करंट कुठे जातो

लॉक केलेली गाडी पूर्ण बंद नसते. अलार्म जागा असतो, रिमोटचा रिसीव्हर किल्लीची वाट बघत असतो, घड्याळ चालू असतं, वेगवेगळ्या मॉड्यूलना (गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरना) आपापली मेमरी राखायची असते. चांगल्या गाडीत हे सगळं मिळून २० ते ५० मिलीअँपिअर जातात. भाच्याच्या गाडीत साधारण ४० जातात. ४० मिलीअँपिअर म्हणजे दिवसाला जवळजवळ १ अँपिअर-तास. बॅटरी ७० एएचची (अँपिअर-तासांची) आहे, म्हणून ती सत्तर दिवस चालेल असं समजू नका. निम्मी रिकामी झाली की सेल्फ नीट मारत नाही, म्हणजे पाच आठवड्यांतच गाडी अडते. त्यात जीपीएस ट्रॅकर लावलेला असेल किंवा डॅशकॅम कायम चालू राहणाऱ्या सप्लायवर असेल, तर हा हिशोब आणखी लवकर संपतो. फास्टॅगबद्दल मात्र विचारू नका, त्याला गाडीच्या बॅटरीचा करंट लागतच नाही.

याशिवाय बॅटरी आपली आपण उतरते. आतली रासायनिक क्रिया तापमानावर चालते. ढोबळ मानाने दर १० अंशांना तिचा वेग दुप्पट होतो. म्हणून युरोपातल्या ‘हिवाळ्यात गाडी ठेवताना’ छापाच्या सूचना वाचून आपण आपला अंदाज बांधू नये. त्यांची भीती गारठ्याची असते, आपली बॅटरी एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली मार खाते.

उतरलेली बॅटरी नुसती उतरलेली असती तर फार बिघडलं नसतं, पुन्हा चार्ज केली की झालं. पण डिस्चार्ज होताना प्लेटींवर लेड सल्फेट बसतं. ताजं असेपर्यंत चार्ज केल्यावर ते परत विरघळतं. आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं की त्याचे जाड, टणक स्फटिक होतात आणि मग कितीही चार्ज करा, तेवढा भाग कायमचा निकामी. ७० एएचची बॅटरी ४० ची होऊन बसते. मीटरवर व्होल्टेज बरोबर दिसतं, सेल्फ मारला की टक-टक. म्हणूनच बोटीवरून आल्यावर चार्ज करू, ही योजना चालत नाही. नुकसान मधल्या महिन्यांत होऊन गेलेलं असतं.

दर रविवारी स्टार्ट करून ठेवायचं काय?

हा सल्ला सगळे देतात. शेजारी देतात, वॉचमन देतो, गॅरेजवालेही देतात. जरा हिशोब करू. सेल्फ २०० अँपिअर घेतो असं धरलं तरी दोन सेकंदांत फक्त ०.१ अँपिअर-तास जातात. म्हणजे सेल्फ मारल्याने बॅटरी उतरते हे फारसं खरं नाही. अडचण दुसरीच आहे. आठवड्यात गळून गेलेले ७ अँपिअर-तास परत भरायचे आहेत आणि लेड-अॅसिड बॅटरीचे शेवटचे वीस टक्के फार सावकाश भरतात, त्याला तास लागतात. दहा मिनिटं उभ्या-उभ्या इंजिन चालवून ते भरत नाहीत. दर आठवड्याला थोडी तूट राहते आणि तीच साठत जाते. इंजिनाचं वेगळंच. गार इंजिन नीट तापायच्या आत बंद केलं की ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये पाणी धरतं.

घरात कुणी गाडी पाऊण तास हायवेवर फिरवून आणणारा असेल तर जरूर फिरवा. बॅटरीलाही बरं, टायरलाही बरं. पण कोल्हापूरच्या जुलैमध्ये, रस्त्यावर चिखल आणि खड्डे असताना, ती बुटकी गाडी बाहेर काढायची माझी तरी छाती होत नाही.

कोणता चार्जर

बॅटरीच्या दुकानात दिसतो तो लोखंडी डब्यातला, मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा चार्जर या कामाला चुकूनही लावू नका. तो थांबत नाही. बॅटरी भरली तरी ढकलतच राहतो, आतलं पाणी उकळून जातं. तुम्हाला हवा तो टप्प्याटप्प्याने चालणारा, कायम जोडून ठेवता येणारा मेंटेनर. सीटेक या स्वीडिश कंपनीचा एमएक्सएस ५.० भाच्याने आणला आहे. नोको, बॉश यांचेही चांगले आहेत. ब्रँडपेक्षा काम काय करतो ते बघा. आधी पूर्ण करंट देऊन १४.४ व्होल्टपर्यंत नेतो, मग तिथेच धरून करंट कमी करत जातो आणि शेवटी १३.६ च्या आसपास फ्लोटवर येऊन बसतो. सबस्टेशनात आम्ही सेलला २.१५ ते २.२५ व्होल्टचा फ्लोट ठेवायचो. २.२५ ला सहाने गुणा, साडेतेरा आले. डबा छोटा आहे, शास्त्र तेच.

किती अँपिअरचा घ्यावा? बॅटरी भरलेली असताना जोडणार असाल तर एक अँपिअरचाही पुरतो, कारण गळती ०.०४ चीच आहे. पण निम्मी उतरलेली ७० एएचची बॅटरी भरायला पाच अँपिअरच्याला आठेक तास लागतात, एकच्याला दोन दिवस. म्हणून पाचचा बरा.

सीटेकच्या चार्जरवर हिमकणाचं चित्र असलेला एक मोड आहे. तो १४.७ व्होल्ट देतो, कडक थंडीसाठी आणि एजीएम बॅटरीसाठी (अॅसिड काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेली सीलबंद बॅटरी). बॅटरीवर एजीएम लिहिलेलं असेल तर तो वापरा. साधी पाण्याची बॅटरी असेल तर आपल्या हवेत गाडीच्या चित्राचाच मोड. ‘रीकंड’ नावाचा आणखी एक मोड आहे, तो १५.८ पर्यंत जातो. तो फार उतरलेल्या पाण्याच्या बॅटरीला शुद्धीवर आणण्यासाठी आहे. वापरायचाच असेल तर बॅटरी गाडीतून काढून, मोकळ्या हवेत. एवढं व्होल्टेज गाडीच्या मॉड्यूलना दाखवू नये असं माझं मत आहे.

विजेच्या बिलाची काळजी असेल तर, फ्लोटवर पाच वॉट धरले तरी महिन्याला साडेतीन युनिट होतात.

जोडणी

बॉक्सस्टरमध्ये इंजिन मधे, सीटच्या मागे आहे आणि बॅटरी पुढच्या डिकीत, काचेच्या बाजूला प्लास्टिकच्या झाकणाखाली. आणि इथेच खरी गोम आहे. ९८७ ची पुढची डिकी विजेवर उघडते. बॅटरी पूर्ण मेली की डिकी उघडत नाही, डिकी उघडत नाही म्हणून बॅटरीपर्यंत पोचता येत नाही. म्हणून चिमटे लावून डिकी अर्धवट टेकवून ठेवण्यापेक्षा कायमची तार टाकून घ्या. चार्जरबरोबर दोन गोल लग असलेली छोटी वायर मिळते, फ्यूज असलेली घ्या. दहा नंबरच्या पान्याने बॅटरीच्या टर्मिनलचे नट ढिले करायचे, लाल लग पॉझिटिव्हला, काळा निगेटिव्हला. वायरचं दुसरं टोक वायपरखालच्या जाळीतून बाहेर काढायचं, त्याला टोपी असतेच. आता डिकी पूर्ण बंद होते, आतला दिवा जळत राहत नाही आणि समजा कधी बॅटरी मेलीच, तर याच टोकातून बाहेरून करंट देऊन डिकी उघडता येते.

नट ढिले करताना निगेटिव्ह आधी काढायचा आणि शेवटी लावायचा. उलट केलंत आणि पान्याचं दुसरं टोक बॉडीला लागलं तर जी ठिणगी पडते ती बघण्यासारखी असली तरी बघू नये.

नव्या गाड्यांमध्ये निगेटिव्ह टर्मिनलवरच एक छोटा सेन्सर बसवलेला असतो, जो आत-बाहेर गेलेला करंट मोजतो. तिथे काळी वायर थेट बॅटरीला न लावता बॉडीच्या अर्थ पॉइंटला लावायची, म्हणजे सेन्सरला हिशोब कळतो.

लायटरच्या सॉकेटमध्ये खुपसायची पिनही मिळते, सोपी आहे. पण आधी एक खात्री करा. गाडी लॉक करून तासाभराने त्या सॉकेटवर व्होल्टेज आहे का ते मीटरने बघा. काही गाड्यांत थोड्या वेळाने सॉकेट बंद होतं. मग चार्जरवर दिवा दिसतो आणि बॅटरीला काही पोचत नाही.

जोडायचा क्रम असा: आधी गाडीकडचं कनेक्शन, मग भिंतीवरचं बटण. काढताना आधी बटण, मग गाडी. प्लग तीन पिनी आणि खरा अर्थ असलेला हवा. लाकडी बोर्डात आगपेटीची काडी खुपसून बसवलेला प्लग नको. मी हे नेव्हीच्या शिकलेल्या मुलांच्या घरीही बघितलं आहे.

चार्जर जमिनीवर ठेवू नका. पावसाळ्यात शेडमध्ये पाणी शिरतं. भिंतीला खिळा मारून कमरेच्या वर टांगा. वायर लवचिक पाइपमधून न्या, कारण उंदरांना त्या वायरची चव फार आवडते. आणि जोडून झाल्यावर एकदा मुद्दाम बटण बंद करून परत चालू करा. वीज जाऊन आल्यावर चार्जर आपणहून त्याच मोडवर येतो का, की स्टँडबायवर जाऊन बटण दाबायची वाट बघत बसतो? दुसऱ्या प्रकारचा असेल तर तो आपल्याकडे बिनकामाचा. खात्यातला माणूस असून सांगतो, वीज जाते.

यानंतर रोजचं काम काही नाही. मी गावाला गेलो तर आमच्या सौ. येता-जाता दिवा बघतात. हिरवा असेल तर काही करायचं नाही. नारिंगी दोन दिवसांहून जास्त राहिला तर मला फोन. भरत नसलेली बॅटरी म्हणजे एक तर सेल गेलाय, नाहीतर गाडीत कुठे तरी भलतीच गळती आहे.

गळती कशी मोजायची

मल्टीमीटर १० अँपिअरच्या रेंजवर ठेवून निगेटिव्ह टर्मिनल आणि निगेटिव्ह केबल यांच्या मधे जोडायचा. डिकी उघडी असल्यामुळे गाडी जागी राहते, म्हणून डिकीच्या कुलपाची खिट्टी स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद करायची, गाडीला वाटलं पाहिजे की झाकण लागलं. दारं बंद, गाडी लॉक, किल्ली लांब नेऊन ठेवायची. मग चहा घेऊन या. मॉड्यूल लगेच झोपत नाहीत, अर्धा-पाऊण तास लागतो. सुरुवातीला काही अँपिअर दिसतील, घाबरू नका. शेवटी ५० मिलीअँपिअरच्या खाली यायला हवं. मीटर जोडलेला असताना दार उघडायचं नाही आणि सेल्फ तर मुळीच मारायचा नाही, मीटर जाईल. आकडा जास्त असेल तर बाहेरून बसवलेल्या वस्तूंपासून सुरुवात करा: ट्रॅकर, कॅमेरा, बदललेला म्युझिक सिस्टिम. बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो.

सोसायटीच्या बेसमेंटमध्ये प्लगच नाही

हा प्रश्न पुणे-मुंबईकरांचा. सब-मीटर लावून पॉइंट घ्यायची परवानगी मिळाली तर उत्तम. इलेक्ट्रिक गाड्यांमुळे आता कमिटीला हे समजावणं सोपं झालं आहे. बेसमेंटमध्ये सोलर पॅनेल अर्थातच निरुपयोगी. नाहीच जमलं तर बॅटरी सोडवून घरात आणा. वजन पंधरा-वीस किलो भरतं, कंबर सांभाळा. घरात हवेशीर जागी चार्जरवर ठेवा, देवघराजवळ किंवा गॅसजवळ नको, चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो.

नुसती निगेटिव्ह काढून ठेवणं हा तिसरा मार्ग. गाडीची गळती थांबते, बॅटरीची स्वतःची थांबत नाही. म्हणून दीड-दोन महिन्यांनी एकदा पूर्ण चार्ज करावीच लागते. बॉक्सस्टरसारख्या गाडीत निगेटिव्ह काढल्यावर पुढची डिकी दाबून बंद करू नका, कारण वर सांगितलंच. परत जोडल्यावर काचा शिकवाव्या लागतात: काच पूर्ण वर नेऊन बटण क्षणभर धरून ठेवायचं, दोन्ही बाजूंना. या गाडीच्या दाराला चौकट नाही, दार उघडताना काच किंचित खाली सरकते. बॅटरी नसताना ती सरकत नाही, म्हणून दार आपटलंत तर काच छताच्या रबरावर आदळते.

आणि डिकी बंद, बॅटरी मेलेली, बाहेर वायरही काढलेली नाही, अशी वेळ आलीच तर? दार किल्लीने उघडतं. पायाशी असलेल्या फ्यूज बॉक्समध्ये एक लाल टर्मिनल ओढून बाहेर काढता येतं. त्याला दुसऱ्या बॅटरीचा पॉझिटिव्ह आणि दाराच्या कुलपाच्या लोखंडी कडीला निगेटिव्ह. अलार्म कोकलेल, रिमोटने बंद करा आणि डिकी उघडा. त्या टर्मिनलवरून गाडी स्टार्ट करायचा प्रयत्न करू नका, ते फक्त कुलूप उघडण्यापुरतं आहे.

लिथियमवाल्यांसाठी

२०१० मध्ये पोर्शने ९११ जीटी३, जीटी३ आरएस आणि बॉक्सस्टर स्पायडरसाठी लिथियमची स्टार्टर बॅटरी पर्याय म्हणून आणली. १८ एएच, वजन सहा किलोच्या आत, साध्या बॅटरीपेक्षा दहा किलोंनी हलकी. गंमत म्हणजे तिच्याबरोबर थंडीत वापरायला साधी बॅटरीही द्यायचे. आता बाजारात बाहेरून बसवायच्या लिथियम बॅटऱ्याही मिळतात. तुमच्याकडे ती असेल तर वर लिहिलेले चार्जरचे मोड विसरा. लिथियमचा म्हणून विकलेलाच चार्जर लावा, रीकंड कधीच नाही. तिचं व्होल्टेज वाचायची पट्टीही वेगळी आहे, भरलेली असताना ती १३.३ च्या आसपास दाखवते.

लेड-अॅसिडची पट्टी ही: चार्जर काढून रात्रभर थांबा, मग मोजा. १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव. चार्जर काढल्या-काढल्या जे १३ दिसतं त्यावर जाऊ नका. एजीएम थोडं जास्त दाखवते.

भाचा यायच्या आदल्या दिवशी मी चार्जर काढतो, सकाळी आकडा बघतो, टायरमध्ये हवा भरतो. दुसरा माणूस सेल्फ मारत असताना मीटर बॅटरीवर ठेवला आणि आकडा ९.६ च्या खाली गेला नाही तर बॅटरी अजून चालण्यासारखी आहे. पहिल्यांदा स्टार्ट केल्यावर निळसर धुराचा एक लोट आला तर घाबरू नका, आडव्या सिलिंडरच्या इंजिनात थोडं ऑइल खाली साचतं, ते जळतं.

पण सेल्फ मारतानाचा हा आकडा जेमतेम १० च्या आसपास रेंगाळत असेल आणि बॅटरीला पाचेक वर्षं झाली असतील, तर पुढच्या बोटीआधी बदला. जुनी भंगारवाल्याला देऊ नका. नवी घेताना दुकानात परत द्या, तिचे पैसे वजा करून मिळतात आणि २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनुसार तिची विल्हेवाट लावायची जबाबदारी उत्पादकावर येते.